फळ्यावर लिहिलं, पण वॉचमनला सांगितलं का?

गेल्या पावसाळ्यातला तो शनिवार हॉस्टेलवर कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. शुक्रवारी रात्री लाईट गेली, यूपीएसने थोडा वेळ दम धरला आणि मग तोही बसला. सकाळी लाईट आली, लॅबच्या मामांनी सर्व्हरचं बटण दाबलं, सबमिशनची साईट उघडली, आणि मंगळवारनंतर अपलोड केलेली एकही फाईल तिच्यात नव्हती. टीईचे सव्वाशेच्या आसपास रिपोर्ट गायब! सोमवारी डिफॉल्टर लिस्ट लागायची होती. दात न घासता लॅबच्या दारात जमलेली ती गर्दी अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

दुपारपर्यंत निकाल लागला होता. 'मामांनी मशीन चालू करताना काहीतरी केलं.' त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला गेला. संध्याकाळी फाईली सापडल्या, 'तांत्रिक बिघाड दूर करण्यात आला आहे' अशी नोटीस लागली, लिस्ट दोन दिवस पुढे गेली आणि सगळे मेसमध्ये जेवायला बसले. मामांचा खुलासा मात्र ऑफिसच्या फाईलमध्ये तसाच राहिला.

हा लेख लिहायचं पहिलं कारण हे, की मामांनी काहीही केलेलं नव्हतं. जे केलं ते मी केलं होतं, चार दिवस आधी, मंगळवारी. त्या शनिवारी मला हे संध्याकाळी कळलं आणि मी गप्प बसलो. दुसरं कारण असं, की ती चूक माझी असली तरी एकट्या माझी नव्हती. ज्या सॉफ्टवेअरने मी काम केलं त्याने ती होऊ दिली, आणि वर सगळं ठीक असल्याचं सर्टिफिकेटही दिलं. अशा सॉफ्टवेअरने कसं वागायला हवं याबद्दल माझं एक मत झालं आहे. ते मांडतो. पटलं तर घ्या, नाही तर मेसच्या टेबलावर भांडायला मी आहेच.

आधी झालं काय ते सांगतो. कॉम्प्युटरवाल्यांनी जरा कळ काढावी, सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी सोपं करून सांगतोय.

सबमिशनच्या सर्व्हरची जुनी हार्ड डिस्क भरत आली होती. मंगळवारी मी नवी बसवली, जुनीतलं सगळं नवीत कॉपी केलं, आणि सबमिशनच्या सर्व्हिसला सांगितलं की यापुढे फाईली नव्या डिस्कवर ठेव. हे सांगायचं कुठे? लिनक्समध्ये प्रत्येक सर्व्हिसची एक छोटी फाईल असते, तिला युनिट फाईल म्हणतात. कुठला प्रोग्राम चालवायचा, कुठल्या युजरच्या नावाने, कुठलं फोल्डर वापरायचं, मधेच पडला तर पुन्हा उठवायचा की नाही, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. थोडक्यात, ती त्या सर्व्हिसची व्याख्या. ती वाचतो सिस्टिमडी, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नलच्या पाठोपाठ पहिला उठणारा आणि मग बाकीच्यांना उठवणारा प्रोग्राम.

आपल्याकडे चार सर्व्हर आहेत, त्यामुळे प्रत्येकावर जाऊन हाताने फाईल बदलायची नाही, तर अ‍ॅन्सिबल नावाच्या सॉफ्टवेअरकडून बदलून घ्यायची, अशी आमची पद्धत आहे. मी व्याख्या बदलली आणि अ‍ॅन्सिबल चालवलं. त्याने फाईल जागेवर नेऊन ठेवली, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि शेवटी हिशेब दिला: बदललं दोन, फसलं शून्य. मी साईट उघडून बघितली. चालू होती. लॅपटॉप मिटला आणि चहाला गेलो.

राहिलं एकच. सिस्टिमडीने ती नवी फाईल वाचलीच नव्हती! तो व्याख्या एकदा वाचतो आणि लक्षात ठेवतो. डिस्कवर फाईल बदलली म्हणून स्वतःहून पुन्हा वाचायला जात नाही. त्यासाठी त्याला 'सिस्टिमसीटीएल डिमन-रीलोड' असा वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो न देता सर्व्हिस रीस्टार्ट केली, तर ती खरोखर बंद होऊन पुन्हा सुरू होते, पण लक्षात असलेल्या जुन्या व्याख्येप्रमाणे. म्हणजे मंगळवार ते शुक्रवार तुमचे सगळे रिपोर्ट जुन्याच डिस्कवर जात होते. शुक्रवारी मशीन पडलं, शनिवारी मामांच्या हातून उठलं. उठताना सिस्टिमडी सगळ्या व्याख्या नव्याने वाचतो. माझी मंगळवारची सूचना त्याने तेव्हा पहिल्यांदा पाहिली, इमानदारीत पाळली आणि नवी डिस्क उघडली. तिच्यात मंगळवारपर्यंतचाच माल होता.

आता यातली खरी भीतीदायक गोष्ट ऐका. जुनी डिस्क मी सोमवारी सकाळी फॉरमॅट करणार होतो, दुसऱ्या कामाला हवी होती म्हणून. शुक्रवारी लाईट गेली नसती आणि शनिवारी मामांनी ते बटण दाबलं नसतं, तर सोमवारी तुमचे सव्वाशे रिपोर्ट मी माझ्या हाताने पुसले असते. ज्या बटणामुळे रिपोर्ट वाचले, त्याच बटणाबद्दल मामांकडून खुलासा घेतला गेला.

हे कुणाला सांगायला गेलं की 'फाईल बदलली पण सिस्टिमने वाचली नाही, म्हणजे काय?' असा प्रश्न येतो. त्यावर मी आमच्या बिल्डिंगची गोष्ट सांगतो.

मी तुळिंजचा. नालासोपाऱ्याला पूर्वेला उतरलं की तुळिंज रोडच्या गर्दीतून वाट काढत आमच्या बिल्डिंगपाशी पोचता येतं. तिथे नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं, आणि त्या वेळेला वॉचमनने पंप लावला तरच ते वरच्या टाकीत चढतं. वेळ बदलली की सेक्रेटरीकाका जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लिहितात. पण आमचा जुना वॉचमन फळा बघत नाही. त्याला वेळ पाठ आहे. म्हणून फळ्यावर लिहून झालं की काकांना त्याच्या केबिनपाशी जाऊन तोंडीही सांगावं लागतं.

एकदा ते सांगायचं राहिलं. त्यात फळ्यावर 'सकाळी'च्या जागी 'संध्याकाळी' लिहिलं गेलं होतं. कुणाला पत्ता लागला नाही, कारण वॉचमन पाठ असलेल्या वेळेलाच पंप लावत होता आणि पाणी मिळत होतं. मग तो गावी गेला. बदली वॉचमन आला. बिचारा शहाणा, त्याने आल्या आल्या फळा वाचला आणि तसं केलं. दुसऱ्या दिवशी टाकी कोरडी! अख्खी बिल्डिंग त्या बदली वॉचमनवर तुटून पडली. फळ्यावर लिहिणाऱ्याला कुणी काही बोललं नाही, कारण त्याने ते दहा दिवसांपूर्वी लिहिलं होतं.

फळा बरोबर असो की चूक, फळा आणि वॉचमनची आठवण यांच्यात फरक पडला की तो लगेच दिसत नाही. वॉचमन बदलतो त्या दिवशी दिसतो. आणि दोष जाऊन चिकटतो त्या दिवशी ड्युटीवर असलेल्या माणसाला. आपल्या लॅबमध्ये तो माणूस म्हणजे मामा.

ही भानगड सिस्टिमडीने काढलेली नाही. जुन्या युनिक्समध्ये इनिट नावाचा पहिला प्रोग्राम 'इनिटटॅब' ही फाईल वाचायचा. ती बदलली की 'टेलइनिट क्यू' असा हुकूम देऊन त्याला पुन्हा वाचायला लावावं लागे. बाकीच्या प्रोग्रामना 'हँगअप' नावाचा सिग्नल पाठवायची रीत पडली. हा सिग्नल मुळात टर्मिनलची लाईन तुटली हे कळवण्यासाठी होता. मागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामला टर्मिनलच नसतं, त्यामुळे त्याला त्याचा मूळ उपयोग नाही. मग लोकांनी त्याला 'तुझ्या सेटिंग पुन्हा वाच' असा नवा अर्थ देऊन टाकला. म्हणजे वॉचमनला हाक मारायची गरज आमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे.

उलटा प्रयोगही झालेला आहे. उबुंटूने २००६ मध्ये अपस्टार्ट नावाचा पहिला प्रोग्राम आणला. तो आपल्या व्याख्यांच्या फोल्डरवर कर्नलच्या मदतीने डोळा ठेवून असायचा. फाईल बदलली की आपण होऊन वाचायचा. पुढे २०१० मध्ये लेनार्ट पॉटरिंग आणि काय सीव्हर्स यांनी सिस्टिमडी सुरू केला. २०११ मध्ये फेडोराने, २०१४ मध्ये रेड हॅटच्या सातव्या आवृत्तीने आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटूने तो घेतला. आज बहुतेक लिनक्स सर्व्हरवर तोच आहे, आणि तो स्वतःहून वाचत नाही.

मला आधी वाटलं, हा आळशीपणा आहे. विचार केल्यावर पटलं की यामागे कारण आहे. व्याख्या बदलणं हे काम एका क्षणात संपत नाही. एका सर्व्हिसची एक मुख्य फाईल, तिच्या जोडीला दुरुस्तीच्या दोन फाईली, एखादा टायमर, एखादं सॉकेट, असा पसारा असतो. पहिली फाईल ठेवून झाली आहे, दुसरी अजून यायची आहे, एवढ्यात सिस्टिमडीने वाचून घेतलं तर? काका फळ्यावर अजून लिहितायत, 'पाणी बंद' एवढंच लिहून झालंय आणि 'राहणार नाही' लिहायचं बाकी आहे, तेवढ्यात वॉचमन वाचून पळाला तर? म्हणून सिस्टिमडी म्हणतो, तुमचं लिहून झालं की मला सांगा. हे मला मान्य आहे.

शिवाय तो अगदी आंधळा नाही. फाईल आपण वाचल्यानंतर बदलली आहे, हे त्याला कळतं. त्याच्याकडे प्रत्येक युनिटची एक खूण असते, 'नीड डिमन रीलोड', हो किंवा नाही. तुम्ही स्वतः कीबोर्डवर बसून सर्व्हिसची स्थिती विचारलीत, किंवा ती रीस्टार्ट केलीत, तर तो बजावतो की फाईल डिस्कवर बदलली आहे, आधी डिमन-रीलोड करा. म्हणजे वॉचमन म्हणतोय, 'साहेब, फळ्यावर काहीतरी बदललंय, मी अजून वाचलेलं नाही.' यापेक्षा प्रामाणिक वॉचमन कुठे मिळणार? पण त्या मंगळवारी कीबोर्डवर मी नव्हतोच. मधे अ‍ॅन्सिबल होतं. वॉचमनचं बोलणं त्याच्या कानापर्यंत आलं, माझ्यापर्यंत नाही.

माझं मत इथून सुरू होतं. लिहिणं कधी संपलं हे सिस्टिमडीला कळू शकत नाही, मान्य. पण ज्याने लिहिलं त्याला तर कळतं ना! फाईल अ‍ॅन्सिबलने ठेवली. किती फाईली ठेवायच्या होत्या आणि शेवटची कधी ठेवली, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. मग वॉचमनला हाक मारायचं कामही त्याचंच आहे. ते माझ्या लक्षात राहण्यावर सोडायचं नाही.

हे मी हट्टाने म्हणत नाही. या जातीच्या सॉफ्टवेअरचं वचनच तसं आहे. ओस्लोच्या मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं, तिथून ही परंपरा सुरू झाली. ल्यूक कॅनीज यांचं पपेट २००५ चं, शेफ २००९ चं, सॉल्ट २०११ चं, आणि मायकल डीहान यांचं अ‍ॅन्सिबल २०१२ चं, जे २०१५ मध्ये रेड हॅटने विकत घेतलं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण गाभा एकच: काय काय करायचं याची यादी देऊ नका, शेवटी मशीन कसं दिसायला हवं ते सांगा, तिथे नेऊन पोचवणं आमच्याकडे लागलं. आता मला सांगा, फाईल नवी, आठवण जुनी आणि सर्व्हिस जुन्या आठवणीवर चालू, ही अवस्था मी मागितली होती का? नाही ना? मग तिथे पोचून 'फसलं शून्य' म्हणणं म्हणजे अर्धं जर्नल लिहून सही मागण्यासारखं आहे. आपल्याला कुठले सर देतील अशी सही?

आणि हे करता येतं, बाकीच्यांनी करून दाखवलं आहे. पपेटवाल्यांना बरीच वर्षं प्रत्येक ठिकाणी हा हुकूम हाताने लिहावा लागत होता. २०१८ च्या शेवटी आलेल्या ६.१ आवृत्तीपासून पपेट गरज आहे का ते तपासतं आणि स्वतः रीलोड करतं. सॉल्ट सर्व्हिसला हात लावण्यापूर्वी युनिट फाईल बदलली आहे का ते बघतं. शेफमध्ये युनिट फाईलसाठी खास सोय आहे, ती वापरली तर रीलोड ठरलेलंच असतं, नको असेल तर तुम्ही बंद करायचं. डेबियन किंवा फेडोरावर एखादं पॅकेज बसवलंत तर त्याच्यासोबत आलेल्या व्याख्या सिस्टिमडीला वाचायला लावण्याचं काम पॅकेजची यंत्रणाच करते. तिथे कुणी तुम्हाला सांगत बसत नाही की आता आठवणीने अमुक टाईप करा. अ‍ॅन्सिबलमध्ये २०१६ च्या २.२ आवृत्तीपासून सिस्टिमडीसाठी वेगळं मोड्यूल आहे, त्यात 'डिमन रीलोड' हा पर्यायही आहे. पण तो मुळात 'नाही' वर असतो. तुम्ही लक्षात ठेवून 'हो' करायचा.

आता तुम्ही म्हणाल, एक ओळ लिहायला काय जातं? काही जात नाही. पण ती ओळ आपण केव्हा लिहितो, तर एकदा आपटल्यावर! मी आज ती डोळे मिटून लिहितो. माझ्यानंतर एसईचा जो मुलगा हे सर्व्हर बघेल, तो पुन्हा आपटेल, आणि त्याच्याही दिवशी बटण दुसऱ्याच कुणाच्या तरी हाताखाली असेल.

शिवाय ती ओळ लिहूनही फसायला होतं. बरेच जण रीलोड हे अ‍ॅन्सिबलच्या हँडलरमध्ये टाकतात. हँडलर म्हणजे फाईल बदलली असेल तरच, आणि सगळी कामं झाल्यावर शेवटी करायचं काम. समजा तिसऱ्या कामात फाईल बदलली आणि पाचवं काम फसलं. हॉस्टेलच्या नेटवर्कवर ते कधीही फसू शकतं, तुम्हाला सांगायला नको. झालं, अ‍ॅन्सिबल तिथेच थांबतं आणि हँडलरपर्यंत पोचतच नाही. तुम्ही पाचवं काम दुरुस्त करता आणि पुन्हा चालवता. या वेळी फाईल आधीच नवी आहे, म्हणजे 'काही बदललं नाही', म्हणजे हँडलरला कुणी हाक मारत नाही. सगळं हिरवं, आणि सिस्टिमडी जुन्यावरच! हे आम्ही लॅबमध्ये मुद्दाम करून बघितलं आहे. कुणाला बघायचं असेल तर दाखवतो. हँडलर काहीही झालं तरी चालवायची सोयही आहे म्हणा, पण तीही पुन्हा लक्षात ठेवूनच चालू करावी लागते.

म्हणून रीलोड 'मी आत्ता फाईल बदलली का' यावर ठरवू नये. 'सिस्टिमडीला आत्ता वाचायची गरज आहे का' हे त्याला विचारून ठरवावं. वर सांगितलेली खूण त्यासाठीच आहे. पहिल्यात आठवणीवर भरवसा असतो, दुसऱ्यात तपासणीवर. काका 'मी आज फळ्यावर लिहिलं का?' असं स्वतःला विचारत बसण्यापेक्षा वॉचमनलाच 'पाणी किती वाजता?' विचारलं तर प्रश्न एका मिनिटात मिटतो.

याला विरोध करणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पहिला आक्षेप असा, की डिमन-रीलोड हे एका सर्व्हिसपुरतं होत नाही. सिस्टिमडी सगळ्याच व्याख्या पुन्हा वाचतो आणि कोण कोणावर अवलंबून आहे याचं सगळं झाड नव्याने मांडतो. दुसऱ्या कुणी आपली फाईल अर्धवट बदलून ठेवली असेल तर तुमच्या रीलोडमध्ये तीही वाचली जाते. खरं आहे. पण ती अर्धवट फाईल पुढच्या लाईट जाण्याला वाचली जाणारच आहे. तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतील आणि ज्याने लिहिली तो गावी असेल. त्यापेक्षा आज दुपारी, सगळे जागे असताना कळलेलं काय वाईट? आणि फाईल ठेवण्यापूर्वी ती तपासून बघायला 'सिस्टिमडी-अ‍ॅनलाईझ व्हेरिफाय' आहेच.

दुसरा आक्षेप वेळेचा. ज्या मशीनवर हजारो युनिट आहेत तिथे हे काम स्वस्त नाही, उठसूट करू नये. बरोबर, म्हणूनच खूण 'हो' असेल तेव्हाच करावं. आपल्या चार मशीनवर तर ते पापणी लवायच्या आत होतं.

तिसरा आक्षेप आमच्या एका सरांचा. ते म्हणाले, "सगळं आपोआप झालं तर तुम्ही शिकणार कधी?" सरांचा मी आदर करतो, आणि हे मला अर्धं पटतंही. डिमन-रीलोड म्हणजे काय हे मला पुस्तकातून नाही, त्या शनिवारी कळलं. पण सर, माझ्या शिकण्याची फी मामांनी भरली. शिकायचं तर लॅबच्या सुट्या मशीनवर शिकू, हवं तेवढं फोडू. ज्यावर सव्वाशे जणांचं टर्मवर्क आहे, तिथे आमचं शिक्षण नको.

एवढं बोलून मी एक रेघ मात्र स्पष्ट ओढतो. वाचणं आपोआप व्हावं. रीस्टार्ट आपोआप होऊ नये. या दोन गोष्टींची लोक गल्लत करतात. डिमन-रीलोडने चालू असलेली सर्व्हिस बंद पडत नाही. सिस्टिमडी ज्या सॉकेटवर ऐकत असतो तीही उघडीच राहतात. वॉचमनने फळा पुन्हा वाचला, एवढंच. रीस्टार्टने मात्र चालू काम तुटतं. सबमिशनच्या रात्री बारा वाजायला पाच मिनिटं असताना कुणाचा तरी वीस एमबीचा रिपोर्ट नव्वद टक्क्यांवर आलेला असतो. तेव्हा सर्व्हिस रीस्टार्ट करायची की सकाळपर्यंत थांबायचं, हे घड्याळ आणि माणसं ओळखणाऱ्याने ठरवायचं. सॉफ्टवेअरने फक्त खरं सांगावं: 'नवी व्याख्या वाचली, पण चालू प्रोग्राम अजून जुन्याच व्याख्येवर आहे.' हे वाक्य मला मंगळवारी कुणी दाखवलं असतं, तर मी चहाला गेलोच नसतो.

सॉफ्टवेअर सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर आम्ही लॅबमध्ये तीन गोष्टी सुरू केल्या आहेत. एक, सर्व्हिसला हात लावणाऱ्या प्रत्येक कामात डिमन-रीलोड 'हो' लिहायचंच, गरज असो वा नसो. दोन, व्याख्या बदलली की येत्या रविवारी सकाळी, दोन जणांसमोर, मशीन मुद्दाम बंद करून चालू करायचं. लाईट जायची वाट बघायची नाही. बदल खरा झाला की नाही हे मशीन पुन्हा उठल्यावरच कळतं. तीन, सर्व्हरच्या शेजारी एक वही टांगली आहे. कुणी, कधी, काय बदललं ते पेनने लिहायचं. उद्या काही झालं तर आधी वहीतलं शेवटचं नाव बघा, बटण दाबणाऱ्याचं नाही. वहीतलं पहिलं नाव माझं आहे, तारीख त्या मंगळवारची.

शेवटचं थोडं खाजगी. मामाही तुळिंजचेच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. कॉलेजात त्यांच्याशी बोलायचा धीर मला झाला नाही. एका रविवारी घरी गेलो होतो, तेव्हा तुळिंज रोडवर भाजीची पिशवी घेऊन चाललेले दिसले. गाठलं आणि सगळं सांगून टाकलं, डिस्क, व्याख्या, रीलोड, सोमवारचं फॉरमॅट, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं रे. बटण दाबून तीन दिवसांच्याच फाईली बऱ्या जातील? पण मला कोण विचारतंय!" मी म्हटलं, "मामा, चुकलं माझं." तर म्हणाले, "चुकलं ते चुकलं. पण मला तोंडी नको सांगू. लिहून दे. माझं लिहून घेतलंय त्यांनी."

म्हणून हे लिहून दिलं आहे. त्यांचा खुलासा फाईलमधून काढावा आणि त्या जागी माझा लावावा, असा अर्जही मी ऑफिसात दिला आहे. त्यावर अजून सही झालेली नाही. हा अंक स्टाफरूममध्येही जातो हे मला माहीत आहे, आणि मामांची फाईल तिथूनच चार पावलांवर आहे. ती कृपया पुन्हा एकदा वाचावी, एवढीच विनंती.